आढे आणि दोन पाखी : यिन-यांग मराठीतून शिकवताना

पदव्युत्तर वर्गात तौलनिक साहित्य शिकवताना चिनी विचारपरंपरेशी दोन-चार तासांची गाठ पडतेच. त्या तासांत यिन आणि यांग हे शब्द आले की विद्यार्थी चटकन मान डोलावतात. एकमेकांच्या शेपटीमागे लागलेल्या काळ्या-पांढऱ्या दोन माशांचे ते वर्तुळ त्यांनी टी-शर्टावर, कराटेवर्गाच्या पाटीवर, गळ्यातल्या पदकात पाहिलेले असते. ‘म्हणजे आपले प्रकृती-पुरुषच की, मॅडम,’ असे कुणीतरी म्हणतो आणि विषय संपल्यासारखा होतो. माझ्या मते तो तेथेच बिघडतो. कन्फ्यूशियन परंपरेने या जोडीचे नेमके काय केले आणि ते मराठीत सांगताना आपले कोणते शब्द कामी येतात, कोणते दगा देतात, याचा विचार प्रस्तुत लेखात करायचा आहे.

सुरुवात शब्दांच्या मुळापासून करू. यांग म्हणजे डोंगराची उन्हाची बाजू आणि यिन म्हणजे सावलीची. तत्त्वज्ञान नंतर आले. आधी हा साधा भूगोल होता. चीन उत्तर गोलार्धात, सूर्य दक्षिणेकडून येणारा. म्हणून डोंगराचा दक्षिण उतार यांग, तर नदीचा उत्तर काठ यांग. लो नदीच्या उत्तर काठावर वसलेले प्राचीन राजधानीचे शहर लोयांग आणि ह्वा पर्वताच्या उत्तरेचे गाव ह्वायिन, ही नावे आजही नकाशावर आहेत. यातली मेख अशी की कोणतीही जमीन स्वभावतः यांग नसते. डोंगर मध्ये उभा आहे म्हणून एक बाजू उन्हाची ठरते आणि दुसरी सावलीची. डोंगर काढून टाका, दोन्ही शब्द निरर्थक होतील.

आता एक अडचण. स्वतः कन्फ्यूशिअसने (इ.स.पू. ५५१–४७९) या जोडीवर काही शिकवण दिल्याचे त्याच्या संवादसंग्रहात दिसत नाही. त्याला रस होता तो मुलाने बापाशी, मंत्र्याने राजाशी, मित्राने मित्राशी कसे वागावे यात. त्झकुंग हा शिष्य एके ठिकाणी असे सुचवतो की गुरूंचे संस्कृतीविषयीचे बोलणे ऐकायला मिळते, पण मनुष्यस्वभाव आणि आकाशाचा मार्ग यांवरचे बोलणे कानी पडत नाही. मग ‘कन्फ्यूशियन अधिभौतिकी’ आली कुठून? ती आली ‘यी चिंग’ या परिवर्तनग्रंथाच्या वाटेने. अखंड आणि खंडित अशा सहा-सहा रेघांच्या चौसष्ट आकृत्यांचा हा मूळचा शकुनग्रंथ. त्याला पुढे जोडलेली भाष्ये परंपरेने कन्फ्यूशिअसच्या नावावर घातली. आधुनिक अभ्यासक त्यांचा काळ त्याच्यानंतरचा मानतात. या भाष्यांत यिन आणि यांग यांची आलटून-पालटून चालणारी गती हाच मार्ग, असा विचार येतो आणि शकुनग्रंथाचा तत्त्वग्रंथ होतो. आपल्याकडे ब्राह्मणग्रंथांतले कर्मकांड उपनिषदांत चिंतनाचा विषय झाले, तसे काहीसे. तुलना येथवरच ठेवावी.

हान राजवटीत सम्राट वू याच्या काळात तुंग चुंग-शू (इ.स.पू. १७९–१०४) या पंडिताने ही जोडी राज्यशास्त्राला जुंपली. आकाशाला यांग प्रिय, यिन दुय्यम. यांग म्हणजे पोषण, यिन म्हणजे शिक्षा. राजा, बाप आणि नवरा यांग. प्रजाजन, मुलगा आणि बायको यिन. डोंगराच्या दोन बाजूंपैकी एक बाजू कायमची वरची झाली. उन्हाची बाजू संध्याकाळी सावलीत जाते, हे येथे सोयीस्करपणे विसरले गेले. यानंतर सुमारे दोन शतकांनी पान चाव या विदुषीने लिहिलेले ‘स्त्रियांसाठी धडे’ वाचताना मी दर वेळी थबकते. थोरल्या भावाच्या मृत्यूनंतर हान राजवंशाचा अपुरा इतिहास पूर्ण करणारी ही बाई. यांगचा गुण कणखरपणा, यिनचा मृदुपणा, म्हणून बायकांनी नमते घ्यावे, असे ती सांगते. आणि त्याच पुस्तिकेत ती विचारते की मुलांना शिकवता आणि मुलींना नाही, हे कसले पूरकत्व? एकाच तर्काने तिने दोर बांधलाही आणि किंचित सैलही केला.

‘परस्परपूरक’ हा शब्द म्हणूनच मी वर्गात जपून वापरते. तो ऐकायला गोड आहे. लग्नाच्या भाषणांत, महिलादिनाच्या कार्यक्रमांत तो हमखास येतो. रथाची दोन चाके म्हणायचे आणि रथ कुठे न्यायचा हे एकानेच ठरवायचे, असा त्याचा व्यवहार असतो. यिन-यांगचा इतिहास शिकवायचा तो याच कारणासाठी. पूरकता ही समानता नव्हे. ती समानतेकडेही नेऊ शकते आणि उतरंडीकडेही. कोणत्या वळणावर ती कुठे वळली, ते पाहावे लागते.

खरी तात्त्विक उभारणी झाली सुंग राजवटीत, अकराव्या-बाराव्या शतकांत. बौद्ध मठांतून शून्यतेची आणि ताओवाद्यांकडून अनामाची चर्चा चालू होती. तिला उत्तर द्यायला कन्फ्यूशियनांकडे नीतीची पुस्तके होती, विश्वाची कथा नव्हती. ती चौ तुन-यी (१०१७–१०७३) याने एका आकृतीत आणि अडीचशेच्या आसपास चिनी अक्षरांच्या एका टिपणात दिली. त्याचा आशय असा : मूळ परमाग्र, चिनीत ‘ताइची’. ते हलते तेव्हा यांग उत्पन्न होते. हालचाल टोकाला गेली की स्थिरता येते, स्थिरतेतून यिन. स्थिरता टोकाला गेली की पुन्हा हालचाल. या दोहोंतून पाणी, अग्नी, लाकूड, धातू, माती या पाच अवस्था आणि त्यांतून सगळी चराचर सृष्टी. ही आकृती म्हणजे ते दोन मासे नव्हेत, हे येथे मुद्दाम नोंदवते. चौची आकृती वरून खाली उतरत जाणारी वर्तुळांची रांग आहे; माशांचे चित्र बऱ्याच नंतर, मिंग काळात रूढ झाले. त्याच्या आकृतीची पूर्वपीठिका ताओवादी असावी असे म्हणतात. पण टिपणाच्या उत्तरार्धात तो थेट माणसावर येतो. सर्व सृष्टीत माणसाला सर्वोत्तम घडण मिळाली आहे, त्याच्यात संवेदना जागते, बरेवाईट वेगळे होते आणि संत पुरुष माणुसकी व न्याय यांच्या आधाराने सर्वांचे माप ठरवतो. विश्वाची कथा नीतीसाठी सांगितलेली आहे. हाच तिचा कन्फ्यूशियन शिक्का.

याच पिढीतल्या चांग त्साय (१०२०–१०७७) याने वेगळी वाट धरली. त्याच्या मते पोकळी अशी कुठे नाहीच. जिला आपण पोकळी म्हणतो ती विरळ झालेली प्राणवस्तूच. ती दाटली की पदार्थ होतो, विरली की दिसेनाशी होते. पाणी आणि बर्फ यांच्यासारखे. जग भ्रम आहे असे म्हणणाऱ्या बौद्धांवर त्याचा राग होता. अभ्यासिकेच्या पश्चिम भिंतीवर त्याने एक छोटा मजकूर लिहून ठेवला होता. त्यात आकाश हा बाप, पृथ्वी ही आई, सर्व माणसे सहोदर आणि दुबळी, निराधार माणसे ही आपली अडचणीत सापडलेली भावंडे, अशी कल्पना आहे. वर्गात तुंग चुंग-शूनंतर लगेच हा मजकूर समजावून द्यावा. तेच यिन-यांग, तेच आकाश-पृथ्वी, आणि हाती येते ती उतरंड नसून भावकी.

या प्राणवस्तूला चिनीत जो शब्द आहे तो उच्चाराशी प्रामाणिक राहून मराठीत लिहायचा तर ‘छी’ असा लिहावा लागेल. मी एकदा फळ्यावर तसा लिहिला आणि पुढची पाच मिनिटे वर्ग आवरता आला नाही. तेव्हापासून मी ‘प्राणवस्तू’ म्हणते. ‘प्राण’ एकटा वापरला तर जड पदार्थ निसटतो, ‘द्रव्य’ म्हटले तर श्वास निसटतो. आणि त्या शब्दात वाफ, श्वास, हवा, उत्साह हे सारे आहे.

‘ताइची’ची गोष्ट मात्र आनंदाची आहे. त्यातल्या ‘ची’ या अक्षरात लाकडाची खूण आहे आणि त्याचा मूळ अर्थ घराच्या छपराचे सर्वांत वरचे तुळवट. ‘ताइ’ म्हणजे थोर, परम. इंग्रजी पुस्तकांवरून शिकणारे आपण ‘परमतत्त्व’ असे भाषांतर करून मोकळे होतो आणि शब्द एकदम वेदान्ताच्या अंगणात जाऊन बसतो. पण मराठीत या तुळवटाला अस्सल नाव आहे : आढे. कौलारू घर पाहिलेल्या कुणालाही ते ठाऊक असते. आढ्यापासून दोन्हीकडे दोन पाखी उतरतात. सकाळी एका पाख्यावर ऊन, दुसऱ्यावर सावली, दुपारनंतर उलट. पाखी दोन आहेत, आढे त्यांच्या जोडीला उभे असलेले तिसरे पाखे नाही. तरी आढ्याशिवाय पाखी उभी राहत नाहीत, आणि पाखी नसतील तर ते आढे नव्हे, नुसते लाकूड. चू शी (११३०–१२००) या सर्वांत प्रभावी भाष्यकाराचे म्हणणे समजायला मला याहून चांगले चित्र मिळालेले नाही.

चू शीने दोन पातळ्या केल्या. यिन आणि यांग ही दोन्ही प्राणवस्तूची रूपे. ताइची म्हणजे ‘ली’, पदार्थ जसा आहे तसा का आहे आणि कसा असायला हवा, ती सुसंगती. लीवाचून प्राणवस्तू नाही, प्राणवस्तूवाचून लीला टेकायला जागा नाही. मग आधी कोण? काळाच्या क्रमाने आधी-नंतर नाहीच, पण विचार करत मागे गेलो तर ली आधी म्हणावी लागेल, असे त्याचे उत्तर. ताइची प्रत्येक वस्तूत पूर्ण आहे, तुकड्यातुकड्याने नाही; आकाशात चंद्र एक आणि नद्या-तळ्यांत तो सगळीकडे अख्खा दिसतो तसा. हा दृष्टान्त त्याने बौद्धांकडून उचलला. आपल्या विद्यार्थ्यांना लगेच घटातले प्रतिबिंब आठवते. तेथे थांबवून सांगावे लागते : आपल्याकडे प्रतिबिंब मिथ्या ठरवण्यासाठी दृष्टान्त येतो, चू शीकडे प्रत्येक तळ्यातला चंद्र खरा आहे हे सांगण्यासाठी.

चौच्या टिपणात ताइचीआधी ‘वूची’, म्हणजे ‘ज्याला आढे नाही ते’, असा एक शब्द येतो. लू च्यु-युआन याने त्यावरून चू शीला पत्रांतून धारेवर धरले. हा शब्द लाओत्सच्या घरचा, आपल्या प्राचीन ग्रंथांत नाही. ताइची म्हटल्यावर वर वूची कशाला, हे तर पलंगावर पलंग रचणे झाले. चू शीचे उत्तर असे होते की वूची म्हटले नाही तर लोक ताइचीला वस्तूंमधली आणखी एक वस्तू समजतील आणि ताइची म्हटले नाही तर वूची नुसती पोकळी होईल. दोघांत मला चू शीचे पारडे जड वाटते. पत्रांत दोघांचा पारा बराच चढलेला आहे, आणि वर्गात तो भाग विद्यार्थ्यांना फार आवडतो.

चू शीची भाष्ये १३१३ मध्ये राजकीय परीक्षांसाठी प्रमाण ठरली आणि परीक्षापद्धती १९०५ मध्ये बंद होईपर्यंत तशीच राहिली. इतकी शतके पाठांतराचा विषय झालेल्या विचाराचे जे व्हायचे ते झाले. पण शंका घेणारेही निघत राहिले. ली प्राणवस्तूवर स्वार होते, घोड्यावर माणूस बसतो तशी, हा चू शीचा दृष्टान्त. स्वतः ली हलत नाही, असेही त्याने म्हटलेले. त्यावर मिंग काळातल्या त्साव तुआन (१३७६–१४३४) याने विचारले, मग हा जिवंत घोड्यावर बसवलेला मेलेला माणूसच ना? घोडा नेईल तिकडे जाणारा.

आता आपल्या व्याकरणाकडे. शालेय व्याकरणात द्वंद्व समासाचे तीन प्रकार आपण शिकवतो. ‘रामलक्ष्मण’ इतरेतर, ‘खरेखोटे’ वैकल्पिक, ‘मीठभाकर’ समाहार. यिन-यांग यांपैकी कोणता? वैकल्पिक खासच नाही. येथे ‘किंवा’ला जागा नाही, आणि चांगले-वाईट असा निवाडाही नाही. समाहार म्हणावा तर ‘वगैरे’ कुठले? इतरेतर म्हणावा तर राम हा लक्ष्मण नसतानाही राम असतो. यिनला यांगवाचून नावही नाही. मी विद्यार्थ्यांना ‘चढउतार’ आणि ‘भरतीओहोटी’ हे दोन शब्द देते. घाटाचा एकच रस्ता वर जाणाऱ्याला चढ आणि खाली येणाऱ्याला उतार. येथे सापेक्षता कळते. भरती टोकाला गेली की ओहोटी लागते. येथे आलटापालट कळते. चौला दुसरी हवी होती, डोंगराच्या जुन्या अर्थात पहिली आहे. दोन्ही शब्द एकत्र ठेवले की जोडी हाती लागते. जाता जाता : द्वंद्वात अधिक पूज्य पद आधी यावे, असा कात्यायनाचा नियम आणि म्हणून ‘मातापिता’. चिनीतही यांग श्रेष्ठ मानूनसुद्धा शब्द ‘यिन-यांग’ असाच चालतो. आदर शब्दाच्या क्रमात आणि निर्णय घरात वेगळ्यांच्या हाती, हे दोन्ही भाषांना ठाऊक असावे.

‘प्रकृती-पुरुष’ हे समीकरण का चालत नाही, तेही याच ठिकाणी सांगता येते. सांख्यांचा पुरुष अक्रिय, निव्वळ साक्षी. सारी धावपळ प्रकृतीची. यांग नेमके उलट : गती, आरंभ, पुढाकार त्याचा. यांगला पुरुष म्हटले की दोन्ही दर्शने उलटी होतात. शिवाय सांख्यांचे ध्येय दोहोंचा वियोग हेच. यिन-यांग वेगळे झाले तर चिनी माणसाच्या दृष्टीने तो मोक्ष नव्हे, मृत्यू. ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या प्रकरणातले शिव-शक्ती त्या मानाने जवळचे आहेत. दोघांचे असणे एकमेकांत गुंतलेले, एकाला दुसऱ्यावाचून ठाव नाही. पण ज्ञानदेव पुढे त्या दुजेपणाच्याही पलीकडे जातात. चू शीला तेथे जायचे नाही. त्याला घर हवे आहे, पाखी आणि कौलांसकट.

पूरकतेचा राजकीय अर्थ याहून जुना आहे आणि तो उतरंडीच्या विरुद्ध जातो. कन्फ्यूशिअसने सुसंवाद आणि एकसारखेपणा यांत फरक केला होता. ‘त्सो’ इतिवृत्तात इ.स.पू. ५२२ च्या नोंदीत यान यिंग हा मंत्री राजाला तोच फरक रश्शाच्या उदाहरणाने समजावतो. पाणी, विस्तव, आंबवण, मीठ असे वेगवेगळे पदार्थ, आचाऱ्याने कमी असेल ते घालायचे, जास्त असेल ते उतरवायचे. राजा ‘हो’ म्हणाला आणि त्यात चूक असेल तर मंत्र्याने ती दाखवायची. राजाच्या ‘हो’ला ‘हो’ म्हणणारा मंत्री पाण्यात पाणी ओततो. ते कोण खाईल? या कसोटीवर तुंग चुंग-शूची नम्र यिन नापास होते. जी नुसती मान डोलावते ती पूरक नाहीच.

कोरियात या चर्चेने वेगळीच खोली गाठली. करुणा, लज्जा, विनय, सदसद्विवेक हे मेंगत्सचे चार अंकुर आणि आनंद, क्रोध, शोक, भय, प्रेम, द्वेष, इच्छा या सात भावना. चार लीतून निघतात आणि सात प्राणवस्तूतून का, असा प्रश्न होता. १५५९ पासून काही वर्षे साठीच्या उंबरठ्यावरचे थेगे आणि बत्तीस वर्षांचा की तेसुंग यांच्यात यावर पत्रव्यवहार चालला. तरुणाचा आक्षेप असा की करुणा ही भावनाच. तिला भावनांच्या बाहेर काढून वेगळा उगम कसा देता? थेगेंनी आपले सूत्र त्याच्या आक्षेपानंतर बदलले : चारांत ली निघते आणि प्राणवस्तू मागून येते, सातांत प्राणवस्तू निघते आणि ली तिच्यावर स्वार होते. आक्षेप पूर्ण मिटला असे मला वाटत नाही. पण देशातल्या सर्वांत मान्यवर विद्वानाने वयाने निम्म्या माणसाच्या पत्रावरून स्वतःचे वाक्य दुरुस्त करावे, हे रसचर्चा शिकवणाऱ्या आम्हा मंडळींनी वाचण्यासारखे आहे.

त्याच कोरियात इम युन्जिदांग (१७२१–१७९३) होऊन गेली. अपत्य गेले, नवरा गेला. घरातली कामे आटोपून ती रात्री ग्रंथ वाची. ली, प्राणवस्तू, चार अंकुर आणि सात भावना यांवर तिने निबंध लिहिले. तिचा तर्क सरळ आहे. ताइची प्रत्येकात पूर्ण असेल तर बाईत अर्धे कसे? स्त्री-पुरुषांची कामे वेगळी असतील, आकाशाने दिलेला स्वभाव एकच. म्हणून बाईही संतपदाला पोचू शकते. चू शीच्या चंद्राचा असा उपयोग चू शीने केला नव्हता. तिचे लेखन तिच्या मृत्यूनंतर धाकट्या भावाने आणि दिराने मिळून प्रसिद्ध केले.

राहिला ‘ली’ हा शब्द. त्याचे भाषांतर ‘तत्त्व’ करावे की ‘नियम’, हा प्रश्न दर वर्षी येतो. मूळ अक्षरात जेड या दगडाची खूण आहे. दगडातल्या रेघा, आणि त्या रेघांच्या अनुरोधाने तो घडवणे. ताय चन (१७२४–१७७७) याने चू शीपंथीयांवर टीका केली ती याच मुळाकडे बोट दाखवून. ली वस्तूंच्या आत, माणसांच्या गरजा-इच्छांच्या आत शोधावी लागते. तुम्ही ती आकाशातून उतरलेली समजता, आणि मग थोर माणूस धाकट्याला, वरचा खालच्याला लीच्या नावाने दोषी ठरवतो. कायद्याने मारलेल्याची कुणाला तरी दया येते, लीने मारलेल्याची कुणालाच येत नाही, असा त्याचा आरोप होता. ‘तत्त्व’ या मराठी शब्दाच्या नावानेही असे दोषी ठरवणे आपण पाहिलेले आहे. म्हणून माझ्या टिपणांत मी ‘ली’ तसाच ठेवते आणि पहिल्यांदा येतो तेथे कंसात लिहिते : दगडातली रेघ.